टाकी पूर्ण भरायची की अर्धी? कॅम्पर ट्रेलर, पाणी आणि बाराशे किलोमीटर

(हा भाग साधारण वीस मिनिटांचा आहे. हेडफोन जवळ नसतील त्यांच्यासाठी नेहमीसारखं लेखी रूप देतोय. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बरं का’ थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच.)

[००:००] सुरुवात

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल किंवा ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

गेल्या वेळी मी नुसतं म्हटलं होतं की आम्ही पर्थहून कॅम्पर ट्रेलर घेऊन नलाबोर ओलांडला. त्यावर बरेच मेसेज आले. रस्ता कसा होता, कांगारू दिसले का, खर्च किती आला. पण सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न होता, ‘पाण्याचं काय केलंत?’ हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण मराठवाड्यातले आणि माण-खटावकडचे. पाणी मोजून वापरलेल्या माणसाला नेमका हाच प्रश्न पडणार.

तर आजचा विषय, गाडीमागे ट्रेलर ओढताना प्यायचं पाणी कसं न्यायचं. मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, बीटेकला मेकॅनिक्सचा एक पेपर होता तेवढंच माझं भांडवल. पण या विषयातलं गणित आठवीच्या तरफेपलीकडे जात नाही. आणि ते जमलं नाही तर शंभरच्या वेगात ट्रेलर गाडीला रस्त्याबाहेर ओढून नेऊ शकतो. म्हणून नीट समजून घेऊ.

[०१:३०] हा रस्ता नेमका काय आहे

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्याला धरून एक मोठं पठार आहे, नलाबोर. लॅटिनमध्ये नलस म्हणजे नाही आणि आर्बर म्हणजे झाड. झाड नाही म्हणून नलाबोर. साधारण दोन लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दोन तृतीयांशाएवढं. सगळा चुनखडीचा दगड. पाऊस पडला की पाणी वर थांबतच नाही, भेगांतून खाली जातं. खाली मोठमोठ्या गुहा आहेत, पण वर नदी नाही, ओढा नाही.

यातून एअर हायवे जातो. एअर म्हणजे हवा नाही, एडवर्ड जॉन एअर नावाचा माणूस. १८४१ मध्ये तो हा किनारा पायी आणि घोड्यावर पार करत होता. पाण्यावाचून मरायची वेळ आली. सकाळी झुडपांवरचं दव स्पंजने टिपून त्याने पाणी गोळा केलं. तो जगला याचं मोठं कारण म्हणजे इथले मूळ रहिवासी. किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्यांखाली कुठे खणलं की गोडं पाणी लागतं, हे त्यांना पिढ्यान्पिढ्या माहीत होतं. आणि वायली नावाचा एक मूळ रहिवासी तरुण शेवटपर्यंत त्याच्यासोबत होता. रस्त्याला नाव मात्र एअरचं.

आज रस्ता डांबरी आहे, चांगला आहे. पण पश्चिमेकडच्या नॉर्समन गावापासून पूर्वेकडच्या सेडुनापर्यंत सुमारे १,२०० किलोमीटरमध्ये मध्ये म्हणावं असं शहर नाही. पुण्याहून निघालात तर जवळपास जयपूरपर्यंत, आणि मध्ये फक्त पेट्रोल पंप. त्यातला बॅलाडोनिया ते कायगुनामधला १४६ किलोमीटरचा एक पट्टा पूर्ण सरळ आहे, एकही वळण नाही. काही ठिकाणी हायवेवरच पांढरे पट्टे मारून धावपट्टी आखलीये. कोणी आजारी पडलं तर रॉयल फ्लाइंग डॉक्टरचं विमान थेट रस्त्यावर उतरतं. मोबाइलला मोठ्या पट्ट्यात रेंज नाही.

मध्ये रोडहाऊस आहेत. तिथे डिझेल मिळतं, चहा मिळतो, बाटलीतलं पाणी विकत मिळतं. पण ट्रेलरची टाकी भरून देतील अशी आशा ठेवायची नाही. त्यांचं स्वतःचंच पाणी बोअरचं खारं पाणी गाळून किंवा टँकरने येतं. आणि उन्हाळा? १९ डिसेंबर २०१९ ला नलाबोरला ४९.९ अंश तापमान नोंदवलं गेलं. आम्ही गेलो तेव्हा तेवढं नव्हतं. तरीही अशा ठिकाणी गाडी बंद पडली तर पाणी किती आहे, यावर सगळं अवलंबून असतं.

[०४:४०] किती पाणी लागतं

आधी गरज काढू. आपत्तीच्या वेळी माणसाला रोज किमान साडेसात ते पंधरा लिटर पाणी लागतं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब आहे. यात पिणं, स्वयंपाक आणि जेमतेम स्वच्छता आली. अंघोळीची चैन नाही.

आम्ही चौघं होतो. मी, बायको आणि भारतातून आलेले आई-बाबा. माणशी दहा लिटर धरले. चार गुणिले दहा गुणिले तीन दिवस, झाले १२० लिटर. आमच्या ट्रेलरला साठ-साठ लिटरच्या दोन टाक्या, म्हणजे बरोबर १२०. याशिवाय पिण्यासाठी वेगळं ३० लिटर, दहाच्या तीन कॅनमध्ये. त्याचं कारण पुढे सांगतो.

आता एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे ट्रेलरवर १२० किलो वजन वाढलं. दोन धडधाकट माणसं ट्रेलरच्या खाली लटकून आल्यासारखं. आणि ही माणसं शांत बसणारी नाहीत, हलणारी आहेत. सगळी गंमत इथून सुरू होते.

[०६:००] तीन आकडे आधी शोधा

ट्रेलरवर एक पत्र्याची पाटी असते, तिच्यावर दोन आकडे बघायचे. एक, टेअर, म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. यात टाकीतलं पाणी धरलेलं नसतं. दोन, एटीएम. बँकेचं नाही हो! सगळा माल भरून ट्रेलरचं जास्तीत जास्त एकूण वजन किती चालेल, तो आकडा. दोघांची वजाबाकी केली की तुम्ही किती सामान भरू शकता ते निघतं. पाणीही त्यातच.

तिसरा आकडा गाडीच्या टो बॉलचा. गाडीच्या मागे जो लोखंडी गोळा असतो, ज्यावर ट्रेलर अडकतो, तो किती भार खाली घेऊ शकतो. ट्रेलर आपलं सगळं वजन स्वतःच्या चाकांवर घेत नाही, थोडं पुढे गाडीवर टाकतो. तो भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के असावा, असं ऑस्ट्रेलियात सगळे धरून चालतात.

हा भार गाडीच्या मालवाहू क्षमतेतूनही वजा होतो, हे बरेच जण विसरतात. समजा गाडीला ६५० किलो न्यायची परवानगी आहे. चार माणसं २८०, टो बॉलवरचा भार १५०, पिण्याचं पाणी ३०, बॅगा, फ्रिज आणि हत्यारं १२०. झाले ५८०. आता आईने ‘दहा किलोचं पीठ घेऊ का?’ विचारलं तर मी एक्सेल उघडतो, आणि ती कपाळाला हात लावते.

[०७:५०] बैलगाडी उलाळ होते तशी

आता मुख्य गणित. आपण एक ट्रेलर घेऊ. टेअर १,१०० किलो, एटीएम १,५०० किलो. म्हणजे सामानाला ४०० किलो. पाणी सोडून बाकी सामान २६० किलो, म्हणजे ट्रेलर झाला १,३६० किलोचा. टो बॉलवर भार १३० किलो. साडेनऊ टक्के, ठीक. टो बॉलपासून चाकाच्या आसापर्यंतचं अंतर ३ मीटर.

आता १२० लिटर पाणी भरलं. वजन १,४८०. एटीएमच्या आत आहे, म्हणून खूश? थांबा. पाणी कुठे ठेवलंय ते सांगा.

टाकी आसाच्या अर्धा मीटर पुढे असेल तर १२० गुणिले अर्धा भागिले तीन, टो बॉलवर २० किलो वाढले. १३० चे १५० झाले. १,४८० च्या दहा टक्के. उत्तम.

तीच टाकी आसाच्या पाऊण मीटर मागे असेल तर? १२० गुणिले पाऊण भागिले तीन, ३० किलो कमी झाले. १०० किलो राहिले. म्हणजे सात टक्क्यांच्याही खाली. वजन तेवढंच, पाणी तेवढंच, पण ट्रेलर आता शेपटीला जड झाला.

हे मी जेवणाच्या टेबलावर कागदावर काढून दाखवत होतो. बाबा एसटीत ड्रायव्हर होते, तीस वर्षं घाटात गाडी चालवलेला माणूस. माझे आकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “म्हणजे गाडी उलाळ होते म्हण की.” मी म्हटलं, काय होते? तर म्हणाले, “अरे, बैलगाडीत मागं जास्त भरलं की जू वर उचलतं, बैलाच्या गळ्याला जोत्यानं फास बसतो. त्याला उलाळ म्हणतात. तुझे आजोबा पोती भरताना आधी जुवाखाली हात घालून बघायचे.”

मंडळी, आसाच्या पुढे-मागे वजन वाटायचं जे तत्त्व मी तीन व्हिडिओ बघून शिकलो, ते आजोबांच्या हातात होतं. शब्दही आपल्याकडे होता.

फरक एवढाच की बैलगाडी उलाळ झाली तर बैल थांबतो. शंभरच्या वेगात ट्रेलर उलाळ झाला तर तो डोलायला लागतो. शेपटी डावीकडे, मग उजवीकडे, आणि प्रत्येक झोक्याला जास्त. खेळण्यातली गाडी ट्रेडमिलवर ठेवून हे दाखवणारा व्हिडिओ तुम्ही रील्समध्ये पाहिला असेल. वजन पुढे असताना ट्रेलरला धक्का दिला की तो दोन झोके खाऊन सरळ होतो. वजन मागे सरकवलं की तोच धक्का वाढत वाढत गाडीसकट आडवा करतो. खरा ट्रेलर तसंच करतो. समोरून रोड ट्रेन, म्हणजे तीन-तीन डब्यांचा ट्रक गेला की हवेचा असा झोत बसतो की धक्का द्यायला वेगळं कोणी लागत नाही.

आणि हे वजन रस्त्यात बदलतं! मोबाइलची बॅटरी संपली तरी फोनचं वजन तेवढंच राहतं, पाण्याचं तसं नाही. आपल्या उदाहरणात ८० लिटर वापरलं समजा. पुढच्या टाकीतून ८० किलो गेले, टो बॉलचे १३ किलो कमी झाले. त्यातलं भांडी धुतलेलं, हात धुतलेलं ५० लिटर पाणी सांडपाण्याच्या टाकीत गेलं आणि ती टाकी आसाच्या दीड मीटर मागे असेल, तर आणखी २५ कमी. १५० वरून आलो ११२ वर. म्हणजे घरून निघताना तपासलेला ट्रेलर आणि तिसऱ्या दिवशीचा ट्रेलर हे दोन वेगळे ट्रेलर आहेत. उपाय सोपा आहे. जिथे परवानगी आणि सोय आहे तिथे सांडपाणी रोज रिकामं करा, साठवून फिरवू नका.

[१२:००] अर्धी टाकी

आता बाबांचं आणि माझं कशावरून वाजलं ते सांगतो. बाबांचं म्हणणं, “अर्धीच भर. साठ किलो वाचतील, गाडीवर ताण कमी.” ऐकायला बरोबर वाटतं ना? आई म्हणत होती, “पाणी कमी करायचं नाही, बाकी काय काढायचं ते काढा.” आई माण तालुक्यातली. टँकर आला की घागरी घेऊन पळण्यात तिची शाळेची वर्षं गेली. तिला वाळवंट माहीत नव्हतं, पण पाणी संपल्यावर काय होतं ते आमच्यापैकी फक्त तिलाच माहीत होतं.

मी आईच्या बाजूने गेलो, आणि त्याला भावनेपेक्षा वेगळं कारण होतं. आपल्याकडे म्हण आहे, उथळ पाण्याला खळखळाट फार. टाकीलाही ती तशीच लागू पडते. पूर्ण भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते, ती एखाद्या दगडासारखी वागते. रिकाम्या टाकीत हलायला काही नसतं. अर्ध्या टाकीत मात्र ब्रेक मारला की सगळं पाणी पुढे धावतं, भिंतीवर आपटतं, परत मागे येतं. वळणावर ते बाहेरच्या बाजूला जमा होतं, नेमकं जिकडे ट्रेलर आधीच झुकलेला असतो तिकडे.

गावाकडे ट्रॅक्टरमागे पाण्याचा टँकर नेणारे हे रोज बघतात. पिकअपमध्ये प्लास्टिकची टाकी अर्धी भरून फवारणीला नेणाऱ्याने वळणावर तो हिसका पाठीत अनुभवलेला असतो. म्हणून चांगल्या टाकीत आडवे पडदे असतात, इथे त्यांना बॅफल म्हणतात. पाणी एकदम धावू नये, भोकाभोकांतून हळू जावं, यासाठी ते असतात. टाकी विकत घेताना बॅफल आहेत का हा प्रश्न विचाराच.

मग वापरताना टाकी अर्धी होणारच, त्याचं काय? इथे दोन टाक्यांचा फायदा. दोन्ही एकदम उघडायच्या नाहीत. एक पूर्ण संपवायची, मगच दुसरीची तोटी सोडायची. म्हणजे कोणत्याही वेळी फार तर एकच टाकी अर्धवट असते. आणि दोन्हींपैकी मागे असलेली आधी संपवायची, म्हणजे वजन पुढेच राहतं. टाक्या डाव्या-उजव्या असतील तर मात्र दोन्हींतून सारखं काढायचं, नाहीतर ट्रेलर एका बाजूला कलतो.

बाबांना हे पटलं का? शब्दांनी नाही. मी त्यांना बादली अर्धी भरून हातात दिली आणि म्हटलं, अंगणात पळून दाखवा. ते पळाले नाहीत. म्हणाले, “भर बाबा पूर्ण.” मग साठ किलो दुसरीकडून काढले. दोन फोल्डिंग खुर्च्या, मोठं टेबल, लाकडं, आणि माझं ड्रोन. ड्रोन एक किलोचं होतं, पण बाबांनी मुद्दाम ते काढायला लावलं.

[१५:००] कुठे भरायचं

पाणी पहिल्या दिवसापासून पूर्ण भरून नेण्याची गरज नाही. पर्थ ते नॉर्समन जवळपास ७०० किलोमीटर आहे. या भागात गावं आहेत, नळ आहेत. तेवढं अंतर आम्ही टाक्या पूर्ण रिकाम्या ठेवून आलो. अर्ध्या नाही, रिकाम्या. नॉर्समनच्या कॅरॅव्हॅन पार्कमध्ये विचारून नळावर दोन्ही भरल्या.

तो नळसुद्धा साधा नाही बरं का. ते पाणी मुळात पर्थजवळच्या मुंडारिंग धरणातून येतं. सी. वाय. ओकॉनर नावाच्या इंजिनिअरने सोन्याच्या खाणींसाठी सुमारे ५३० किलोमीटरची पाइपलाइन टाकायची योजना आखली. लोकांनी वेड्यात काढलं, वर्तमानपत्रांनी झोडपलं. १९०३ मध्ये कालगुर्लीत पाणी पोहोचलं, पण ते बघायला ओकॉनर जिवंत नव्हता. पुढे त्या जाळ्यातून नॉर्समनलाही पाणी आलं. मला तिथे उभं असताना लातूर आठवलं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाच लाख लिटर पाणी लातूरला गेलं होतं ना, जलदूत? मी तेव्हा कॉलेजात होतो, फोनवर ती बातमी पाहिलेली. पाणी वजनदार असतं, आणि ते हलवायला माणसाला रेल्वे लागते, पाइप लागतो, नाहीतर डोक्यावरचा हंडा लागतो. आमचा १२० लिटरचा ट्रेलर त्या रांगेत सगळ्यात लहान.

[१६:३०] पाणी पिण्यालायक ठेवणं

टाकी महिनोन्महिने बंद असेल तर आत शेवाळ आणि जंतू. प्रवासाआधी निर्जंतुक करायची. साधं, वास नसलेलं ब्लीच घ्यायचं. शंभर लिटर पाण्याला पाच टक्क्यांचं ब्लीच सुमारे १०० मिली, म्हणजे एका लिटरला साधारण ५० मिलिग्रॅम क्लोरीन. सगळे नळ उघडून वास येईपर्यंत पाणी काढायचं, म्हणजे पाइपमध्येही पोहोचतं. चार-पाच तास ठेवायचं, मग सगळं सोडून द्यायचं आणि वास जाईपर्यंत स्वच्छ पाण्याने धुवायचं. हे पाणी प्यायचं नाही, ते फक्त टाकी धुण्यासाठी.

भरायचा पाइप बागेतला वापरू नका. पिण्याच्या पाण्यासाठीचा वेगळा पाइप मिळतो, तोच ठेवा आणि दोन्ही टोकांना टोपण लावा. नळ आधी अर्धा मिनिट सोडून द्या. आणि नळावर पाटी वाचा. पिण्यालायक नाही असं लिहिलं असेल तर तिथे टाकी भरायचीच नाही, एकदा खराब पाणी आत गेलं की सगळे पाइप खराब.

[१७:४०] ३० लिटर वेगळं का

सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. एकाच सर्व्हरवर सगळा डेटा ठेवतो का आपण? नाही. टाकी ट्रेलरच्या पोटाखाली असते. कच्च्या रस्त्यावर टायरने उडवलेला एक दगड पाइप फोडू शकतो, आणि रात्री थांबल्यावर कळतं की मागे पाणी सांडत आलंय. पंप बंद पडू शकतो. ट्रेलरच सोडून गाडीने मदतीला जायची वेळ येऊ शकते. त्या प्रत्येक वेळी ट्रेलरमधलं पाणी तुमच्या उपयोगाचं नाही.

म्हणून पिण्याचं पाणी गाडीत, माणसांजवळ. चौघांना उन्हात रोज चार-चार लिटर धरले तर ३० लिटर म्हणजे जवळजवळ दोन दिवस. आणि ते एका मोठ्या कॅनमध्ये नाही, तीन छोट्या कॅनमध्ये. दहा लिटरचा कॅन आईलाही उचलता येतो.

सेडुनाला पोहोचलो तेव्हा टाक्यांत अंदाजे ३५ लिटर शिल्लक होतं, तीन कॅनना हात लागला नव्हता. तीन दिवस चौघांना ८५ लिटर पुरलं. म्हणजे माणशी दहा धरले होते, लागले सातच्या आसपास. हे आईचं श्रेय. ताट आधी कागदाने पुसायचं, मग एका तांब्यात विसळायचं, पहिलं विसळलेलं पाणी पुढच्या पातेल्याला. मी ॲप बनवणार होतो पाणी मोजायला. आई म्हणाली, “ॲप कशाला? तांबे मोज.”

[१९:००] निघण्याआधी

शेवटी थोडक्यात, स्क्रीनशॉट काढून ठेवा.

एक, ट्रेलर वजनकाट्यावर न्या. ऊस घालणाऱ्यांना सांगायला नको, काटा खोटं बोलत नाही. सामान आणि पाणी भरून वजन करा. टो बॉलवरचा भार मोजायला छोटा काटा मिळतो.

दोन, टाकी कुठे आहे ते वाकून बघा. आसाच्या जवळ, शक्यतो थोडी पुढे, आणि जमिनीच्या जवळ असेल ती चांगली.

तीन, टाकी पूर्ण किंवा रिकामी. अर्धवट असलेली फार तर एक.

चार, ब्रेक. ऑस्ट्रेलियात ट्रेलरच्या चाकांवर येणारं वजन ७५० किलोच्या वर गेलं की ट्रेलरला स्वतःचे ब्रेक लागतात, दोन टनांच्या वर सगळ्या चाकांना. पाणी भरल्यावर तुम्ही ही रेषा ओलांडता का ते बघा.

पाच, वेग. आम्ही गेलो तेव्हा वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ट्रेलर ओढताना मर्यादा १०० होती. आम्ही ९० ने चाललो. बाबा म्हणाले, एसटीपेक्षा जोरात आहे, पुरे.

सहा, ट्रेलर डोलायला लागला तर गाडीचा ब्रेक जोरात मारू नका आणि स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरा. ट्रेलरच्या ब्रेकचं वेगळं बटण असेल तर ते हलकेच दाबा. वेग उतरला की बाजूला थांबा आणि सामान पुढे हलवा. तसंच पुढे जाऊ नका.

सात, गाडी बंद पडली तर गाडी सोडून पाणी शोधायला चालत जायचं नाही. सावलीत थांबायचं. हायवेवर कोणीतरी येतंच, आणि चालणाऱ्या माणसापेक्षा उभी गाडी लवकर दिसते.

तुमच्यापैकी बहुतेक जण नलाबोरला जाणार नाहीत, मला माहीत आहे. पण मित्राच्या पिकअपमध्ये टाकी टाकून गडाच्या पायथ्याला कॅम्पला जाल, गावच्या यात्रेला ट्रॅक्टरने पाणी न्याल. गणित तेच आहे. टाकी पुढे सरकवा, पूर्ण भरा, दोरीने घट्ट बांधा, आणि दोन बाटल्या स्वतःजवळ ठेवा.

तुमच्याकडे पाणी वाहून न्यायची काय युक्ती आहे? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि व्हॉइस नोट पाठवा. ‘उलाळ’सारखे आणखी शब्द कोणाकडे असतील तर तेही हवेत, चांगल्या व्हॉइस नोट पुढच्या भागात ऐकवीन. तोपर्यंत काळजी घ्या, पाणी प्या. भेटू!